१/६ टायगर : जोडणीच्या नोंदी

५ जानेवारी

टायगर रणगाड्याचं खऱ्याच्या एक षष्ठांश मापाचं, धातूचं, चालणारं मॉडेल जोडतोय. सगळी खोकी उघडून सुटे भाग यादीशी ताडून पाहिले. यादी पुरी जुळली. स्क्रूंच्या पिशव्यांवर मापं लिहिलेली आहेत, ही मोठी सोय. एम-३ आणि एम-४ एकत्र ओतून दिले असते तर पहिला आठवडा निवडण्यातच गेला असता.

किट टायगर १ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचं आहे, सुरुवातीच्या उत्पादनातलं : रबरी धावांची चाकं, पिंपासारखा उभा कमांडर कपोला (कमांडरच्या टेहळणीचा छतावरचा उंचवटा), मागे 'फायफेल' नावाचे एअर फिल्टर. खरा टायगर ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ या काळात कासेलला हेन्शेलच्या कारखान्यात बनत होता, आणि या दोन वर्षांत त्यात इतके बदल झाले की 'टायगर' एवढंच म्हणून भागत नाही, कुठल्या महिन्यातला ते सांगावं लागतं. मी डोळ्यापुढे धरलाय तो १३१ क्रमांकाचा. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला आणि आज इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये चालत्या अवस्थेत असलेला. संदर्भासाठी त्याचे फोटो मुबलक आहेत, हे खरं कारण.

आता वजन. खरा रणगाडा तोफेसह ८.४५ मीटर लांब, ३.७ मीटर रुंद, ३ मीटर उंच. ६ ने भागलं की १४१, ६२ आणि ५० सेंमी. वजनाला मात्र ६ ने भागून चालत नाही, ६ च्या घनाने म्हणजे २१६ ने भागायचं. ५७ टनांचे २६४ किलो होतात. किटमध्ये प्लेटा ॲल्युमिनियमच्या आणि प्रमाणापेक्षा पातळ आहेत, त्यामुळे माझा अंदाज ११० किलोचा आहे. तरीही एकट्याने उचलायची गोष्ट नाही. यापुढचा प्रत्येक निर्णय दिसण्याआधी वजनाला विचारूनच घ्यावा लागणार.

८ जानेवारी

पहिलं काम घोडीचं. चौकोनी पोलादी नळीची, खाली ब्रेकवाली चार चाकं. उंची अशी की स्टुलावर बसलं की चाकांचे आस डोळ्यांसमोर येतात. हलच्या (रणगाड्याच्या खालच्या मुख्य खोक्याच्या) तळाला दोनच आडव्या पट्ट्यांचा आधार दिलाय, चाकं दोन्ही बाजूंनी मोकळी लोंबणार. सस्पेन्शन जोडताना ते जमिनीला टेकलेलं असून उपयोग नाही, पूर्ण खाली आणि पूर्ण वर हलवून बघता आलं पाहिजे. छताच्या तुळईला चेन पुलीही टांगून ठेवली. टरेट (तोफेचा वरचा फिरता भाग) एकदा बसवून काम थोडंच संपतं, ते कितीदा चढवावं-उतरवावं लागेल कोण जाणे.

१८ जानेवारी

हल उभा राहिला.

प्लेटांच्या कडांना कापताना राहिलेली बर, म्हणजे धातूची बारीक धारदार किनार, होती. बारीक कानशीने सगळ्या कडा हलक्या हाताने मारून घेतल्या. बर बोटाला जेमतेम जाणवते, पण दोन प्लेटांमध्ये अडकली तर सांधा बसत नाही आणि आपण स्क्रू आवळत राहतो.

टायगरचा हल म्हणजे जवळपास खोकंच. चिलखत पुढे १०० मिमी जाड, बाजूंच्या वरच्या भागात ८०, चाकांमागच्या खालच्या भागात ६० मिमी. तिरप्या चिलखताचा फायदा जर्मनांना रशियन टी-३४ पाहून नीट उमगला, तोवर टायगरचा आराखडा बराच पुढे गेला होता. म्हणून सगळं उभं-आडवं. खऱ्या रणगाड्यात या प्लेटांच्या कडा पायऱ्या कापून एकमेकींत गुंतवलेल्या होत्या, म्हणजे गोळा आदळल्यावर सगळा धक्का वेल्डवर येत नसे. किटमध्येही तशाच खाचा आहेत आणि त्या नुसत्या शोभेच्या नाहीत : प्लेट खाचेत बसली की जागा पक्की होते, स्क्रूने फक्त धरून ठेवायचं. धातूचं मॉडेल मला याचसाठी आवडतं. खऱ्या कारखान्यात जी युक्ती ज्या कारणासाठी केली, तिचं थोडंफार तेच कारण इथेही उरतं.

जोडणी जाड काचेवर केली, कारण टेबलाच्या सपाटपणावर माझा भरवसा नाही. आधी सगळे स्क्रू बोटाने, मग दोन्ही कर्ण मोजले, मग समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत गेलो. कर्णांतला फरक ०.३ मिमीवर आल्यावर थांबलो. इथे एवढी मेहनत घ्यायचं कारण, पुढचे सोळा आस याच दोन बाजूंच्या भोकांत बसणार आहेत. खोकं पिळलेलं राहिलं तर चाकं एका रेषेत येणार नाहीत, आणि ते पट्टे चढवेपर्यंत कळणारही नाही.

स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या आट्यांत कोरडा घातला तर कधी कधी चिकटून बसतो, मग डोकं तुटेल पण स्क्रू निघत नाही. म्हणून प्रत्येकाला अँटी-सीझचं बोट. जे सारखे उघडायचे नाहीत त्यांना निळा थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद. दोन्ही एकाच स्क्रूला लावून अर्थ नाही.

२५ जानेवारी

फक्त टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवणं. पावडर-कोट केलेल्या भागांच्या भोकांत रंग साचलाय, एकेका भोकात टॅप घालून आटे साफ केले. यावर लिहिण्यासारखं काही नाही. हात दुखतात.

२ फेब्रुवारी

टॉर्शन बार. या सगळ्या उपद्व्यापातला माझा सर्वांत लाडका भाग.

टायगरच्या हलच्या तळाशी आडवे सोळा दांडे आहेत, प्रत्येक बाजूच्या चाकांसाठी आठ. दांड्याचं एक टोक समोरच्या भिंतीत घट्ट, दुसऱ्या टोकाला आर्म आणि आर्मवर चाकं. चाक उचललं गेलं की दांडा पिळला जातो, तोच स्प्रिंग. दांडे हलच्या पूर्ण रुंदीचे असल्याने डावा आणि उजवा एकाच रेषेत बसू शकत नाहीत, शेजारी शेजारी बसवावे लागतात. म्हणून एका बाजूचे आर्म पुढे तोंड करून आहेत आणि दुसऱ्या बाजूचे मागे. दोन्ही बाजूंचा आराखडा आरशातल्यासारखा सारखा नसतो, हे फोटो बघून कधी लक्षात येत नाही. आर्म हातात धरून भोकात घालायची वेळ आली की येतं.

किटमधले दांडे बघून पहिली शंका आली ती जाडीची. प्रमाणात जेवढे हवेत त्याच्या साधारण निम्मेच. कागदावर हिशेब मांडला. पीळ देणारं बळ म्हणजे वजन गुणिले आर्मची लांबी. वजन २१६ पट कमी, लांबी ६ पट कमी, म्हणजे बळ ६ च्या चौथ्या घाताने कमी होतं. दांड्याचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून, तोही तेवढाच घटतो. हे दोन्ही कटले. उरते दांड्याची लांबी. ती ६ पट कमी, आणि आखूड दांडा कमी पिळला जातो. त्यामुळे अगदी २६४ किलोचं मॉडेल असतं तरी त्याचं सस्पेन्शन खऱ्याच्या एक षष्ठांश कोनातच फिरलं असतं. माझं मॉडेल त्याच्या निम्म्याहूनही हलकं, म्हणजे आणखी ताठ. एकूण पंधरा पटींच्या जवळ जाणारा फरक. त्याचं चौथं मूळ काढलं की २ च्या आसपास येतं. व्यास निम्मा! ज्याने हे दांडे ठरवले त्याने गणित केलेलं आहे, आणि मला त्याच्याशी हस्तांदोलन करावंसं वाटतंय.

बसवताना दांड्यांच्या टोकांना ग्रीस, बुशमध्ये आर्म हाताने सहज फिरतो का ते पाहून मगच पुढचा. लोंबत्या अवस्थेत सगळे आर्म एका कोनात आहेत का, ते मापायला पुठ्ठ्याचा साचा कापला. वजन नसताना ते बरेच खाली लोंबलेले दिसतात आणि घाबरायला होतं. पूर्ण वजन आल्याशिवाय उंचीचा निकाल लावायचा नाही, असं कागदावर लिहून घोडीला चिकटवलंय.

१६ फेब्रुवारी

चाकं. एका बाजूला चोवीस, दोन्ही मिळून अठ्ठेचाळीस.

प्रत्येक आसाला तीन चाकं आणि शेजारच्या आसांची चाकं एकमेकांच्या फटींत शिरलेली. खऱ्या चाकाचा व्यास ८०० मिमी, इथे १३३. एवढी मोठी चाकं एकमेकांवर चढवली की वजन पट्ट्याच्या पूर्ण रुंदीवर सारखं पसरतं आणि ५७ टनांचा रणगाडा मऊ जमिनीत कमी रुततो. चालायलाही तो त्या काळच्या मानाने मऊ होता. किंमत मोजली दुरुस्तीवाल्यांनी. आतल्या एका चाकाची रबरी धाव गेली तर ते काढण्याआधी बाहेरची नऊपर्यंत चाकं उतरवावी लागत. पूर्व आघाडीवर फटींत साचलेला चिखल रात्री गोठून चाकं जाम होत, ती गोष्ट वेगळीच.

जोडणीचा क्रम त्यामुळे ठरलेला आहे आणि त्यात शहाणपणा चालत नाही : सगळ्यात आतला थर पूर्ण, मग त्याच्या बाहेरचा, मग शेवटचा. एक आस पूर्ण करून दुसरा घ्यायचा म्हटलं तर दुसऱ्याचं आतलं चाक शिरतच नाही. प्रत्येक थरानंतर चाक फिरवून शेजारच्या चाकाशी किती फट आहे ते फीलर गेजने पाहिलं. दीड मिमीपेक्षा कमी आली तिथे पातळ वॉशर घातले. नुसतं फिरवून पाहणं पुरत नाही, एक आर्म पूर्ण वर आणि शेजारचा पूर्ण खाली ठेवून पाहावं लागतं. खडबडीत जमिनीवर तशीच वेळ येणार.

बाहेरची चाकं सहज निघतील अशी ठेवली आहेत, थ्रेडलॉक नाही. खऱ्या टायगरचीही रेल्वेने जाताना सगळ्यात बाहेरची चाकं काढत आणि ७२५ मिमी रुंद पट्ट्यांऐवजी ५२० मिमीचे अरुंद पट्टे चढवत, कारण एरवी तो वॅगनच्या मर्यादेबाहेर जाई. माझ्यापुढे प्रश्न खोलीच्या दाराचा आहे. ६२ सेंमी जातो, मोजलंय.

२३ फेब्रुवारी

मोटर आणि गिअरबॉक्स पुढे बसवले, कारण टायगरची पट्टे ओढणारी दातेरी चाकं पुढे आहेत. खऱ्यात मायबाखचं इंजिन मागे, त्याचा शाफ्ट टरेटच्या खालून पुढे आणि गिअरबॉक्स चालक व रेडिओवाल्याच्या मध्ये. माझ्याकडे मोटर पुढे आणि बॅटऱ्या इंजिनाच्या जागी. दोन्ही जड गोष्टी आपोआप खऱ्या जड गोष्टींच्याच जागी गेल्या, त्यामुळे तोल साधण्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

बॅटऱ्या १२ व्होल्टच्या दोन, सीलबंद लेड-ॲसिड, मालिकेत जोडून २४ व्होल्ट. लिथियमच्या निम्म्याहून हलक्या मिळाल्या असत्या. पण इथे वजन कमी करून मिळवायचं काय? सस्पेन्शनला ते हवंच आहे. बॅटरीच्या टोकाजवळ ४० ॲम्पिअरचा फ्यूज, आणि मागच्या जाळीखाली हात घालून पटकन ओढता येईल असा मुख्य स्विच. शंभर किलोचं यंत्र रिमोटचं ऐकेनासं झालं तर त्याच्यामागे धावत जाऊन काय ओढायचं, ते आधीच ठरलेलं असावं.

९ मार्च

पट्टे. बाजूला ९६ कड्या, त्यांच्या दोन टोकांना पिनांची भोकं, आणि भोकात ओतकामाचा खरखरीत पापुद्रा. रीमर (भोक घासून मापात आणणारं हत्यार), तेल, रीमर, तेल. संध्याकाळी कानात तोच आवाज.

कड्यांसाठी छोटा जिग केला : दोन पिनांवर कडी बसली तर पास, नाही तर परत रीमरकडे. कारण साधं आहे. खऱ्या कडीचं अंतर १३० मिमी, माझ्या कडीचं २१.७. एका कडीत फक्त ०.१ मिमीचा फरक पडला तरी ९६ कड्यांत तो साडेनऊ मिमीच्या वर जातो, म्हणजे जवळपास अर्धी कडी. मग पट्टा दातेरी चाकावर एकेक दात चढत जातो आणि मध्येच 'खट्' करून उतरतो.

टायगरला वरच्या बाजूला पट्टा पेलणारे वेगळे रोलर नाहीत, वरचा भाग मोठ्या चाकांच्या डोक्यावरच टेकतो. त्या टेकण्यावर मॉडेलचं अर्धं रूप आहे. प्लास्टिकच्या मॉडेलमध्ये हा झोल धाग्याने किंवा गोंदाने खोटा आणावा लागतो. इथे लोखंडाचं वजन स्वतःच तो आणतं, आपण फक्त मागच्या आयडलरचा, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या चाकाचा, केंद्राबाहेर बसवलेला आस फिरवून ताण ठरवायचा. मी झोल पहिल्या चाकाच्या पुढे थोडा, दुसऱ्या-तिसऱ्यापासून टेकलेला असा ठेवलाय. एक-दोन तास चालल्यावर पिना बसतील, पट्टा लांबेल, तेव्हा पुन्हा.

१५ मार्च

घोडीवरच दोन्ही पट्टे फिरवले. आवाज भांड्यांच्या दुकानात भूकंप झाल्यासारखा. डावा सुरळीत. उजव्याला आयडलरवर एक वॉशर कमी केला, मग तोही.

३० मार्च

टरेट. खऱ्या टरेटची भिंत म्हणजे ८० मिमी जाडीची एकच पट्टी घोड्याच्या नालासारखी वाकवलेली. किटमध्ये ती रोल करून आलेली आहे आणि मागचा वळसा सुरेख जमलाय. पुढच्या कडा मात्र माँटलेटच्या (तोफेच्या मुळाशी असलेल्या ढालीच्या) बाजूंना जुळवायला बरंच कानस मारावं लागलं.

फिरकीची बेअरिंग रिंग मी वाजवीपेक्षा जास्त वेळ बघत बसलो. १३१ हाती लागला तो याच जागेमुळे : ब्रिटिश चर्चिल रणगाड्यांच्या ६ पौंडी तोफेचा गोळा त्याच्या तोफेच्या नळीखाली लागून खाली वळला आणि टरेट व हलच्या मधल्या फटीत जाऊन बसला. टरेट अडकलं, आतले लोक रणगाडा सोडून निघून गेले. १०० मिमीचं चिलखत पुढे उभं असताना निकाल लागला तो काही मिलिमीटरच्या फटीवर. माझी फट पूर्ण फेरीत १ मिमी आहे, एका जागी ०.७. तिथे रिंगखाली पितळेचं पातळ शिम (फट भरायची चकती) घातलं.

तोफ ८८ मिमीची, नळी ५६ कॅलिबर, म्हणजे ४.९३ मीटर. माझ्याकडे ८२ सेंमी, भोक १४.७ मिमी. नळी आणि मझल ब्रेक लेथवर काढलेले, रेघाही दिसत नाहीत. अडचण अशी की एवढी नळी पुढे झुकते आणि उचलणारी छोटी मोटर तिला पेलत नाही. खऱ्यातही नळी पुढे जड होती, ती तोलायला स्प्रिंगचा सिलिंडर होता. मी स्प्रिंगच्या वाटेला गेलो नाही, ब्रीचच्या, म्हणजे तोफेच्या मागच्या टोकाच्या, मागे शिशाचा ठोकळा बसवला. बाहेरून दिसत नाही आणि कधी बिघडत नाही.

१३ एप्रिल

रंग. या भागात मला लोकांच्या सवयींबद्दल थोडी तक्रार आहे, ती शेवटी.

आधी डिग्रीसर, मग हातमोजे, मग एच प्राइमर (धातूला कुरतडून घट्ट धरणारा पहिला हात). ॲल्युमिनियमवर साधा प्राइमर नखाने निघतो. बेअरिंगच्या जागा आणि पिना झाकून घेतल्या, उघड्या आट्यांत जुने स्क्रू घालून ठेवले. वेल्डच्या शिवणी इपॉक्सी पुटीच्या बारीक वळ्यांनी केल्या आणि ओल्या असतानाच दाभणाने टोचल्या.

रंग कुठला? फेब्रुवारी १९४३ च्या आधीचे जर्मन रणगाडे युरोपात गडद करडे, नंतर गडद पिवळे. आफ्रिकेसाठी वेगळ्या छटा होत्या. १३१ वर म्युझियमने आता आरएएल (जर्मन रंगक्रमांक) ८००० चा पिवळट तपकिरी आणि त्यावर आरएएल ७००८ च्या हिरवट करड्याचे पट्टे दिले आहेत. मीही तेच घेतले, किंचित पांढरा मिसळून, कारण लहान पृष्ठभागावर तोच रंग गडद दिसतो. आकडे लाल, पांढऱ्या कडेचे. झिमेरिट, म्हणजे ती चुंबकी सुरुंगांविरुद्धची खरबरीत लेपाची परत, लावायची नाही. ती ऑगस्ट-सप्टेंबर १९४३ नंतर आली, तेव्हा हा रणगाडा ब्रिटिशांकडे होता.

आता तक्रार. मॉडेलवर गंज ओतण्याची हौस दिवसेंदिवस वाढतेय. हा रणगाडा १९४३ च्या मार्च-एप्रिलमध्ये आफ्रिकेत आला आणि एप्रिलमध्येच पकडला गेला. जाड चिलखतावर नारिंगी ओघळ यायला त्याला वेळ कुठे होता? धूळ भरपूर असेल. हॅचच्या कडांना आणि पायऱ्यांच्या जागी बुटांनी घासलेला रंग असेल. एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती काजळी असेल. एवढंच केलं. पट्ट्यांना रंगच दिला नाही, खरं लोखंड आहे, अंगणात चालल्यावर जे व्हायचं ते होईल.

२७ एप्रिल

चेन पुलीने जमिनीवर उतरवला. वजन ११४ किलो, बॅटऱ्यांसह. आर्म हिशेबाप्रमाणे दबले. हलचा तळ पुढे जमिनीपासून ७८ मिमी, मागे ७६. खऱ्याच्या ४७० मिमीला ६ ने भागलं की ७८. मागचे २ मिमी बॅटऱ्यांचे, ते मी तसेच सोडणार.

सरळ चालताना काँक्रीटवर ६ ते ८ ॲम्पिअर. जागच्या जागी वळताना आकडा २८ वर गेला. पट्टे एकमेकांविरुद्ध फिरतात तेव्हा जमिनीवर टेकलेली सगळी लांबी आडवी घासत असते, त्यामुळे हे अपेक्षितच आहे. खऱ्या टायगरलाही जागच्या जागी वळता येई, पण दोन त्रिज्यांच्या गिअरच्या स्टिअरिंगमुळे चालत्या वळणात शक्ती आतल्या पट्ट्याच्या ब्रेकमध्ये वाया जात नसे. मी कंट्रोलरमध्ये वळण्याचा वेग कमी केला आणि कमाल प्रवाह ३० ला बांधला.

वेग साडेतीन किलोमीटर, म्हणजे प्रमाणात ताशी २१. डोळ्यांना तरीही लगबगीचा वाटतो. लहान गोष्ट लवकर डुलते : खऱ्या रणगाड्याचा एक झोका जेवढा वेळ घेईल त्याच्या २.४५ पट लवकर माझा होतो, ६ च्या वर्गमुळाइतका. चित्रफीत त्या प्रमाणात मंद केली तेव्हा पहिल्यांदा तो जड दिसला. विटेवरून उतरताना नाक खाली जाऊन सावकाश वर आलं, ते चार वेळा लावून पाहिलं.

तपासणीत आढळलं ते असं : डावा पट्टा अर्ध्या कडीने लांबलाय, आयडलरचा आस एक खूण मागे घेतला. बाहेरच्या चाकांचे तीन बोल्ट हातानेही फिरत होते, त्यांना आता निळा थ्रेडलॉक. उजव्या बाजूच्या पाचव्या आसातून ग्रीस बाहेर येतंय, सील बदलावं लागेल आणि ते आतल्या चाकाच्या मागे आहे. म्हणजे बाहेरची सात चाकं उतरवणं आलं. रविवार त्यासाठी ठेवलाय.